कुरणातील वाटेचा अधिकार: माउंटन बाईक घेणाऱ्या भाच्यास पत्र

हुपरी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर

चि. भाच्यास,

माउंटन बाईक घेऊन आधी कोल्हापूर जिल्ह्यातील माळ आणि पठारे पाहावीत, व पुढे संधी मिळाल्यास स्पेनमधील ओक वृक्षांच्या कुरणांतून प्रवास करावा, हा चिरंजीवाचा संकल्प उत्तम आहे. मात्र सायकल कोणती घ्यावी या प्रश्नाच्या आधी, ती ज्या जमिनीवर चालवायची ती जमीन कोणी राखली आणि कोणत्या कामासाठी राखली, हा प्रश्न सोडवला जावा, एवढ्यासाठी हे पत्र. रुंद व खोल खाचांचे टायर, पुढच्या चाकाला धक्के शोषणारा फोर्क आणि चढासाठी हलके गिअर ही माउंटन बाईकची तीन मुख्य लक्षणे असून, त्यांच्यामुळे डांबरी रस्ता सोडण्याची मुभा मिळते. परंतु रस्ता सोडला की चाक दुसऱ्या कोणाच्या तरी कामाच्या जागेत शिरते, कारण रस्ता वाहनांसाठी बांधलेला असतो आणि कुरण जनावरांसाठी राखलेले असते; या एका भेदातून सायकलस्वाराची बाकी सारी कर्तव्ये निघतात.

स्पेनच्या नैर्ऋत्य भागात, मुख्यतः एस्त्रेमादुरा आणि आंदालुसिया या प्रांतांत, ज्या लाटांसारख्या चढउतारांच्या भूमीचे छायाचित्रांतून आकर्षण वाटते तिला तेथे देएसा म्हणतात, आणि सीमेपलीकडे पोर्तुगालमध्ये तशाच भूमीला मोंतादो हे नाव आहे. ही भूमी पाहणाऱ्याला नैसर्गिक वाटते, परंतु ती शेकडो वर्षांच्या मानवी श्रमातून घडली आहे: मूळच्या दाट रानातील झुडुपे आणि बरीचशी झाडे काढून, सदाहरित ओक व बुचाचा ओक हे वृक्ष अंतराअंतरावर राखले गेले, जेणेकरून खाली गवत वाढावे, वर सावली राहावी आणि शरदापासून हिवाळ्यापर्यंत ओकची फळे जमिनीवर पडावीत. या फळांवर साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात काळ्या इबेरियन डुकरांना मोकळे चारतात. या हंगामास मोंतानेरा म्हणतात, आणि तेथील प्रसिद्ध सुकवलेल्या मांसाची चव त्यावरच अवलंबून असते. बुचाच्या ओकची साल नऊ-दहा वर्षांनी एकदा सोलतात व तिच्यापासून बाटल्यांची बुचे होतात. झाड न तोडता केवळ साल घ्यायची असल्यामुळे सोलणाऱ्याचा कुऱ्हाडीवरील ताबा फार नेमका असावा लागतो. जनावर, झाड आणि गवत या तिघांचा तोल माणसाने सांभाळला तरच देएसा टिकते. चराई अति झाली तर ओकची कोवळी रोपे खाल्ली जातात आणि जुन्या वृक्षांची जागा घेणारे कोणी उरत नाही, तर चराई अगदी थांबली तर झुडुपे माजून गवत दबते व वणव्याचा धोका वाढतो.

या भूमीतून सायकल नेण्याचा अधिकार कोठून येतो, हे समजण्यासाठी स्पेनच्या मेंढपाळी वाटांचा इतिहास पाहावा लागतो. कास्तिलचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या मेस्ता या संघटनेस मान्यता दिली, आणि ऋतूनुसार उत्तरेकडील डोंगर व दक्षिणेकडील कुरणे यांच्यामध्ये मेरिनो मेंढ्यांचे कळप नेण्यासाठी राखीव वाटा कायम झाल्या, ज्यांतील सर्वांत रुंद वाटेची, म्हणजे कान्यादा रेआलची, रुंदी ९० कास्तिली वारा (लांबीचे जुने माप), अर्थात सुमारे ७५ मीटर असे. मेस्ता १८३६ मध्ये विसर्जित झाली. वाटा मात्र राहिल्या, जरी त्यांच्यापैकी पुष्कळ भाग शेतांनी आणि रस्त्यांनी गिळला. पुढे १९९५ च्या कायद्याने या वाटा सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या, त्यांवर पायी चालणे, घोडेस्वारी आणि इंजिन नसलेल्या वाहनांतून क्रीडाप्रवास यांना पूरक उपयोग म्हणून परवानगी दिली, आणि ती देताना कळपाच्या जाण्यायेण्याला अग्रक्रम राहील अशी अट घातली. म्हणजे तेथे सायकलस्वार वाटेवर येतो तो पाहुणा म्हणून, आणि यजमान मेंढी असते.

कोल्हापूर जिल्ह्यात ओक नाही, परंतु राखलेली चराऊ जमीन येथेही आहे. गावाच्या सामाईक चराईसाठी ठेवलेल्या सरकारी जमिनीस गायरान म्हणतात, व महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये अशा जमिनी सार्वजनिक उपयोगासाठी नेमून देण्याची तरतूद आहे. गावोगावी या जमिनींवर अतिक्रमणे वाढल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मधील जगपाल सिंग खटल्याच्या निकालात सर्व राज्यांना ती हटवण्याची योजना आखण्यास सांगितले. हुपरीलगतच्या पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेस महाराष्ट्र व कर्नाटकातून धनगर समाज लोटतो, भंडाऱ्याची उधळण होते आणि पाऊसपाण्याविषयीची भाकणूक ऐकली जाते, हे चिरंजीव लहानपणापासून जाणतो. परंतु तोच समाज वर्षाचा उरलेला काळ कोठे असतो, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. मेंढीला सततची ओल सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात कळप पूर्वेकडील कमी पावसाच्या माळावर राहतात आणि पिके निघाल्यावर रिकाम्या रानांकडे सरकतात, जेथे शेतकरी बकरी बसवून घेतो, म्हणजे कळपाचा रात्रीचा मुक्काम आपल्या शेतात ठेवून खत मिळवतो व त्याचा मोबदला धान्याने किंवा रोख देतो. स्पेनमध्ये झाड, गवत व जनावर यांचा जो संबंध एकाच जमिनीवर दिसतो, तो येथे माळ, शेत आणि कळप यांच्यात वाटला गेला आहे. आणि या कळपाच्या चालीसाठी अग्रक्रम लिहून देणारा स्पेनसारखा कायदा डोळ्यांसमोर नसल्यामुळे, तो नियम सायकलस्वाराने स्वतःच पाळावा लागतो.

पन्हाळ्याच्या पश्चिमेस म्हाळुंग्याच्या पुढे पसरलेले मसाई पठार चिरंजीवास विशेष आवडेल, कारण तेथे झाडी विरळ, गवत अफाट आणि दृष्टी मोकळी आहे. शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निघाले ते याच बाजूने, आणि त्या स्मरणार्थ दर वर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशी पदयात्रा करणाऱ्यांची तेथे गर्दी असते. हे पठार जांभ्या खडकाचे आहे. जांभा म्हणजे दीर्घकाळच्या पावसाने मूळ बेसाल्टमधील विद्राव्य घटक वाहून जाऊन मागे राहिलेला, लोह व ॲल्युमिनियमयुक्त सच्छिद्र दगड. अशा सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मातीचा थर जेमतेम असतो, पावसाळ्यात त्यावर सीतेची आसवे, तेरडा, सोनकी यांसारख्या वनस्पती अल्पकाळ फुलतात, आणि ओल्या मातीत टायरने पाडलेली खाच पुढच्या सरीत पाण्याचा ओघळ होऊन बसते, ज्यातून वर्षानुवर्षांत साठलेली माती एका हंगामात निघून जाऊ शकते. म्हणून फुलोऱ्याच्या काळात तेथे सायकल नेऊच नये, आणि इतर ऋतूंतही पायवाट किंवा बैलगाडीची चाकोरी सोडून गवतात शिरू नये, मग समोरचा उतार कितीही मोह घालो.

कळप समोर दिसल्यास दूरवरच वेग उतरवून सायकलवरून खाली उतरावे, मेंढक्याला हाक देऊन कोणत्या बाजूने जावे ते विचारावे, आणि कळपाच्या मधून वाट काढण्याऐवजी मोठा वळसा घ्यावा, कारण बिथरलेली मेंढरे पांगली तर ती गोळा करण्यात मेंढक्याचा अर्धा दिवस जातो, आणि गाभण मेंढीला धावणे अपायकारक असते. राखणीचे कुत्रे, येथे धनगराचे असो वा स्पेनमधील थोराड मास्तीन असो, धावणाऱ्या चाकामागे लागते व थांबलेल्या माणसाला बहुधा केवळ जोखते. त्यामुळे पळण्याऐवजी सायकल कुत्रा व आपण यांच्यामध्ये धरून, शांत आवाजात बोलत, हळूहळू दूर व्हावे. फाटक उघडे दिसले तर उघडे आणि बंद दिसले तर बंद ठेवून जावे, कारण ते तसे ठेवण्यामागे मालकाचा हिशेब असतो. स्पेनमधील काही देएसांत झुंजीचे बैल पाळतात, आणि हिवाळ्यात अनेक ठिकाणी शिकार चालते. तशा सूचनाफलकापुढे वाद न घालता मागे फिरावे.

एक कर्तव्य डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूमुळे आले आहे. देएसातील ओक वृक्ष गेली काही दशके ला सेका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऱ्हासाने वाळत आहेत, आणि त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे फायटॉप्थोरा सिनॅमोमी हा मातीत व पाण्यात राहून मुळे कुजवणारा, बुरशीसारखा सूक्ष्मजीव. तो ओल्या मातीबरोबर पसरतो, आणि ती माती बुटांच्या तळव्यांना जशी चिकटते तशी टायरच्या खाचांतही बसते. म्हणून एका कुरणातून दुसऱ्या कुरणात जाण्यापूर्वी चाके व बूट घासून धुणे हे तेथे झाडांचे रक्षण ठरते. हीच सवय येथे लावून घेतली, तर गाजर गवताचे बी माळावरून सड्यावर नेण्याचे पापही टळेल.

आता यंत्र व जमीन यांच्या मेळाविषयी. हुपरीच्या आसपासची काळी माती पावसानंतर टायर व फोर्क यांच्यामध्ये इतकी भरते की चाक फिरेनासे होते, आणि जोराने पेडल मारल्यास साखळी किंवा मागचा गिअर बदलणारा भाग मोडू शकतो. म्हणून पाऊस पडून गेल्यावर पाणंदी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा, वाळेपर्यंत थांबावे. माळावर बाभळीचा काटा हमखास असतो, तेव्हा ट्यूबलेस टायरमध्ये छिद्र आपोआप बुजवणारे द्रावण भरलेले असावे, आणि तरीही एक ट्यूब व पंप जवळ असावा. खडकाळ जमिनीवर हवेचा दाब डांबरी रस्त्यापेक्षा कमी ठेवल्यास टायर दगडाला कवटाळतो व पकड वाढते, परंतु दाब फार उतरला तर रिम दगडावर आपटते. उतारावर थांबवण्याची बहुतेक शक्ती पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो एकदम दाबल्यास स्वार पुढे फेकला जातो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून, शरीराचा भार मागे नेऊन, दोन्ही ब्रेक हलक्या हाताने वापरावेत. मागचे चाक जखडून घसरत नेण्यात जी मर्दुमकी वाटते, तिच्यामुळे गवत मुळासकट निघते आणि सायकलवरील ताबाही सुटतो; येथे जमिनीचे हित व स्वाराचे हित एकच आहे.

शरीराची तयारी सावकाश व्हावी. हुपरीच्या घरोघरी चांदीची तार ओढताना ती एका ओढीत बारीक करण्याचा प्रयत्न कोणी करत नाही, क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ती नेली जाते आणि मधूनमधून तापवून मऊ केली जाते, नाहीतर ती तुटते. चढाचा सराव तसाच, श्रम आणि विश्रांती यांच्या क्रमाने वाढवावा. आरंभी आळत्याजवळचा रामलिंगाचा डोंगर किंवा बाहुबलीचा परिसर पुरेसा आहे, त्यानंतर जोतिबा, आणि मग पन्हाळा. तेथवर पोहोचण्याचा डांबरी रस्ता हा या प्रवासातील सर्वांत धोक्याचा भाग समजावा, विशेषतः ऊस गाळपाच्या हंगामात, जेव्हा दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला मागचे काहीच दिसत नाही. हेल्मेट व मागचा लाल दिवा यांविना निघू नये. स्पेनमध्ये शहराबाहेरील रस्त्यांवर हेल्मेट कायद्याने आवश्यक असून, सायकलला ओलांडणाऱ्या वाहनाने किमान दीड मीटर अंतर राखावे असा नियम आहे. एस्त्रेमादुराचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो व ओढे आटतात, म्हणून तेथे मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ निवडावा.

सारांश, या दिवाळीनंतर सायकल आली की पहिले काही आठवडे चिरंजीवाने लांब अंतराचा हव्यास सोडून हुपरी-पट्टणकोडोलीच्या शिवारात उतरलेल्या कळपांची ओळख करून घ्यावी: कोणती राने पिकाखाली आहेत, कोणत्या पाणंदीने कळप सकाळी निघतो, पाण्याला कोठे जातो, हे मेंढक्यांकडून ऐकावे. ज्याला आपल्या गावच्या माळावर कोणाला आधी वाट द्यायची हे कळते, त्याला स्पेनमधील कायदा वाचण्यापूर्वीच समजलेला असतो; आणि ज्याला ते कळत नाही, त्याच्यासाठी तेथील ओकची सावली आणि येथील जांभा ही केवळ चाकाखालून जाणारी जमीन राहते. सायकलच्या खरेदीसाठी लागणाऱ्या रकमेचा उरलेला भाग मामाकडून मिळेल, परंतु तो कळपांच्या या माहितीची वही पाहिल्यानंतरच.

कळावे, हे आशीर्वाद.

मामा