थंडीतील शेगडी आणि न दिसणारा वायू : घरातील कार्बन मोनॉक्साइडपासून बचाव



मार्गशीर्ष-पौषात थंडीचा कडाका वाढला की कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी परिसरातील वाड्या-वस्त्यांवर संध्याकाळी शेगड्या पेटतात. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, दाणे काढून उरलेली मक्याची कणसे असे जळण शेतकऱ्याच्या घरी असतेच. स्वयंपाकाला गॅस आला, तरी आंघोळीचे पाणी तापविणे, बाळंतिणीला शेक देणे, गव्हाला रात्रीचे पाणी देऊन आल्यावर हातपाय शेकणे यासाठी विस्तव लागतो.

विस्तव अंगणात आहे तोपर्यंत फारशी चिंता नाही. तोच घमेल्यात भरून झोपण्याच्या खोलीत आणला आणि दार-खिडक्या लावून घेतल्या की जिवावर बेतते. यामागचे कारण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू. पूर्वीच्या धाब्याच्या किंवा कौलारू घरात झरोके व फटी असत, त्यातून वारा खेळे. आता सिमेंटचा स्लॅब, घट्ट बसणाऱ्या खिडक्या आणि पत्र्याचे दार यामुळे घर पक्के झाले, पण हवेची वाट बंद झाली. शेगडी मात्र जुनीच राहिली. म्हणून या वायूची ओळख प्रत्येक घरात असणे गरजेचे आहे.

वायू कसा तयार होतो?

जळणाला भरपूर हवा मिळाली तर त्यातील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली तर ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. लाल निखाऱ्यांच्या ढिगात तो विशेष प्रमाणात होतो, कारण खालच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना पुन्हा कार्बन घेतो. निखाऱ्यावर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती हाच वायू जळत असल्याची खूण होय. जो जळत नाही तो खोलीत पसरतो.

एक साधा हिशेब पाहू. लाकडी कोळसा जळताना दर किलोमागे सुमारे २०० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडू शकतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. अर्धा किलो कोळशाचा वायू त्यात कोंडला तर प्रमाण ३,००० पीपीएमच्या आसपास जाते. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग. फटींतून नऊ हिस्से वायू निघून गेला आणि एकच हिस्सा उरला, तरी ३०० पीपीएम होतात व तेही रात्रभर झोपणाऱ्यास घातक आहेत.

शरीरावर होणारा परिणाम

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदू व हृदय यांना प्राणवायू मिळत नाही. साधारण परिणाम पुढीलप्रमाणे असतात :

२०० पीपीएम : दोन ते तीन तासांत डोकेदुखी व थकवा.
४०० पीपीएम : एक ते दोन तासांत कपाळ ठणकणे. तीन तासांनंतर जिवाला धोका.
८०० पीपीएम : ४५ मिनिटांत चक्कर, मळमळ. दोन तासांत बेशुद्धी.
१,६०० पीपीएम : २० मिनिटांत डोकेदुखी, चक्कर. तासाभरात मृत्यू येऊ शकतो.

झोपलेल्या माणसाला डोकेदुखी जाणवून जाग येईलच असे नाही. जागा असलेल्यालाही गुंगी येते, पाय उचलत नाहीत व दार समोर असून तेथपर्यंत जाता येत नाही. लहान मुले, वृद्ध, हृदयरोगी आणि गर्भवती यांना धोका अधिक असतो. पोटातील बाळाचे हिमोग्लोबिन हा वायू आईच्या रक्तापेक्षाही जास्त धरून ठेवते.

चार फसव्या खुणा

या वायूला रंग, वास, चव काहीच नाही. त्यामुळे ज्या खुणांवर आपण एरवी विसंबून राहतो त्या येथे उपयोगी पडत नाहीत.

१) धूर निघून गेला म्हणजे विस्तव निर्धोक झाला, असे समजून शेगडी आत घेतात. प्रत्यक्षात बिनधुराचे लाल निखारेच हा वायू सर्वांत जास्त सोडतात. वर राख धरली तरी तो तयार होतच असतो.

२) वास आला नाही म्हणजे गॅस नाही, असे वाटते. स्वयंपाकाच्या गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला असा वास नसतो.

३) दिवा जळतो म्हणजे हवा चांगली, हा विहिरीत उतरण्यापूर्वीचा जुना पडताळा आहे. हवेतील प्राणवायू बराच कमी झाला तर दिवा विझतो, एवढेच त्यावरून कळते. १,६०० पीपीएम म्हणजे हवेचा केवळ ०.१६ टक्के भाग. एवढ्याने दिवा विझत नाही, माणूस मात्र दगावतो.

४) कोरोनाच्या साथीनंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. या विषबाधेत ते फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला प्राणवायूयुक्त रक्तासारखेच दिसते. आकडा ९८ दाखविला तरी रुग्ण ठीक आहे असे समजू नये.

धोका कोठे संभवतो?

बाळंतिणीची खोली : बाजेखाली शेगडी ठेवून शेक-शेगडी करण्याची आपल्याकडे रीत आहे. वारा लागू नये म्हणून दार, खिडकी, प्रसंगी फटीही कापडाने बंद करतात. आई व तान्हे बाळ दोघेही तासन् तास त्याच हवेत राहतात. ऊब जरूर द्यावी, पण गरम पाण्याची पिशवी वा अंगणात तापवून आणलेले कापड वापरावे. ओवा-शेपाची धुरी द्यायचीच असल्यास दार उघडे ठेवावे व निखारे लगेच बाहेर काढावेत. घरातील वडीलधाऱ्या बायांना ही गोष्ट आदराने समजावून सांगावी. रीत मोडायची नसून केवळ निखाऱ्यांची जागा बदलायची आहे.

न्हाणीघर : लाकडाचा बंब नेहमी उघड्यावर किंवा छपराखाली ठेवावा. गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवू नये. तो बाहेरच्या भिंतीवर बसवून आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले होते. त्यात चार मुले होती. सकाळी एकही उठला नाही. जळण लाकूड असो की गॅस, हवेची वाट नसेल तर परिणाम एकच.

शेतातील खोली : राखणीला किंवा रात्रीच्या पाळीला गेलेले गडी खोलीत घमेले घेऊन झोपतात. शेकून झाल्यावर निखारे बाहेर नेऊन पाण्याने विझवावेत व मगच आडवे व्हावे. जनरेटर खोलीत, ओसरीत वा खिडकीजवळ चालवू नये.

कोंबड्यांचे शेड : पिलांना ऊब देण्यासाठी कोळशाची शेगडी वापरत असल्यास वरच्या बाजूने हवा जाऊ द्यावी. राखणदाराने शेडमध्ये झोपू नये.

विहीर : पाणी खोल गेले की पंप ओढत नाही, म्हणून इंजिन विहिरीतील टप्प्यावर उतरविले जाते. इंजिनाच्या, विशेषतः पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात हा वायू भरपूर असतो. गाळ काढताना इंजिन आत चालवू नये. त्याऐवजी विजेचा पाणबुडी पंप वापरावा.

वायूशोधक यंत्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी कोळसा खाणीतील स्फोटांनंतर होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास केला व खाणीत लहान प्राणी नेण्याची शिफारस केली. कॅनरी पक्ष्याचा श्वास जलद चालतो, त्यामुळे तो माणसाच्या आधी कोसळे व कामगार बाहेर पळत. ब्रिटनमधील खाणींत १९८६ पर्यंत हे पक्षी होते. पुढे त्यांची जागा यंत्रांनी घेतली.

घरगुती डिटेक्टर म्हणजे तळहातावर मावेल अशी एक डबी असते. आतील संवेदकावर वायू पोहोचला की रासायनिक क्रिया होऊन सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि भोंगा वाजतो. घेताना व बसविताना पुढील बाबी पाहाव्यात :

१) वेष्टनावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. सिलिंडरची गळती ओळखणारे यंत्र वेगळे असते, ते या कामाचे नाही.

२) ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ या मानकाचा उल्लेख असावा. पहिल्या मानकानुसार ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत भोंगा वाजला पाहिजे.

३) रात्री वीज जाण्याची शक्यता लक्षात घेऊन बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे.

४) झोपण्याच्या खोलीत ते उशीजवळच्या उंचीवर लावावे. हा वायू जवळपास हवेइतकाच जड असल्याने सगळीकडे मिसळतो. गीझर किंवा चूल असलेल्या खोलीत त्यापासून एक ते तीन मीटर अंतरावर, छताच्या थोडे खाली लावावे. पडद्यामागे, वाफेत वा औषधफवारणीचे सामान ठेवतो त्या खोलीत लावू नये.

५) महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबून पाहावे. संवेदकाचे आयुष्य साधारण ५ ते १० वर्षे असते. त्यावरील मुदत संपली की यंत्र बदलावे, मग ते वाजत असले तरी.

यंत्र आहे म्हणून शेगडी आत घेणे योग्य नव्हे. आधी निखारे बाहेर, मग हवेची वाट आणि त्यानंतर यंत्र, असा क्रम ठेवावा. चुलीसाठी धुराडे हवेच. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात अशा धुराड्याच्या चुली खेडोपाडी बसविल्या गेल्या. अशी चूल असल्यास धुराड्यातील काजळी वेळोवेळी काढावी.

विषबाधा झाल्यास

घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळ सुरू झाली, ताप नाही आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते, असे असेल तर या वायूचा संशय घ्यावा.

१) दारे-खिडक्या उघडून सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे. शेगडी, गीझर वा इंजिन बंद करावे.

२) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ‘कोळशाच्या वायूची बाधा’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे प्राणवायूची तयारी ठेवता येते. साध्या हवेत रक्तातील निम्मा वायू निघून जाण्यास चार ते सहा तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हे काम साधारण एक ते दीड तासात होते. म्हणून वाटेतच प्राणवायू सुरू होणे महत्त्वाचे.

३) बेशुद्ध व्यक्तीला लिंबूपाणी, ताक काहीही पाजू नये. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असल्यास व माहिती असल्यास छातीदाब द्यावा.

४) बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, स्वभावातील बदल असा त्रास होऊ शकतो.

५) विहिरीत कोणी पडले तर मागोमाग उतरू नये. एप्रिल २०२४ मध्ये शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातील वाकडी येथे मांजर वाचविण्यासाठी शेणाच्या जुन्या विहिरीत एकामागून एक उतरलेले पाच जण दगावले. तेथील वायू वेगळे होते, पण धडा तोच आहे. दोर व श्वसनाचे साधन घेऊन येणाऱ्या अग्निशमन पथकाची वाट पाहावी.

थंडी दोन-अडीच महिन्यांची असते. तेवढ्या दिवसांत घरातील एका व्यक्तीवर जबाबदारी सोपवावी : रात्री दिवे मालविण्याआधी निखारे बाहेर गेले का आणि एक खिडकी चार बोटे उघडी आहे का, हे तिने पाहावे. या कामाला पैसा लागत नाही. यंत्र घेण्याची ऐपत असेल त्यांनी ते अवश्य घ्यावे, आणि पहिले यंत्र बाळंतिणीच्या खोलीत लावावे.