दमा म्हणून बोळवण

बाबांना दमा नव्हता. कंपनीच्या दवाखान्यात मात्र दर वेळी तेच लिहिलं जायचं आणि वर "विड्या सोडा" म्हणून ऐकवलं जायचं. विडीने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका अनेक पटींनी वाढतो, मान्य. पण ॲस्बेस्टोसिस ॲस्बेस्टॉसच्या तंतूंशिवाय होत नाही, आणि बाबांनी उमेदीची सगळी वर्षं ॲस्बेस्टॉसची पोती फाडून मिक्सरमध्ये ओतली. तोंडाला काय, तर घरून नेलेला रुमाल!

निवृत्तीनंतर सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, बोटांची फुगलेली टोकं निरखली आणि विचारलं, "काका, काम काय करायचात?" तोवर एकाही डॉक्टरने हे विचारलं नव्हतं. छातीचा सीटी स्कॅन (एचआरसीटी) काढला आणि खरा आजार समोर आला: ॲस्बेस्टोसिस. रुतलेले तंतू निघत नाहीत, फुप्फुस कडक होत जातं. यावर उतारा नाही.

जुने एक्स-रे मागायला मी कंपनीत गेलो. साहेबांनी बसा म्हटलं नाही. "इतकं जुनं रेकॉर्ड कोण ठेवतं?" सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ लाच बजावलंय की, कामगाराच्या आरोग्याची नोंद रुजू झाल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवायची. हे सांगताच साहेब फोन घेऊन बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत.

म्हणून सांगतो. केसपेपरवर खातं, कामाचं स्वरूप आणि वर्षं डॉक्टरांकडून लिहून घ्या; हट्टाने घ्या. ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत ॲस्बेस्टोसिस आहे, पण त्या कामाचा पुरावा लागतो. पगाराच्या स्लिपा, ईएसआय कार्ड रद्दीत घालू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

घरच्यांनाही तपासून घ्या. बाबांचा डगला आई मोरीत झटकून धुवायची. मेसोथेलिओमा हा ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कॅन्सर तीस-चाळीस वर्षांनीही डोकं वर काढतो. घरावरचे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे जुने पत्रे उतरवायचे असतील तर आधी ओले करा, अख्खे काढा. ग्राइंडर लावू देऊ नका, मिस्त्री कितीही घाई करो.

वडील, काका, मामा अशा कारखान्यात होते आणि आता जिना चढताना धापा टाकतात? मग दम्याच्या पंपावर थांबू नका. छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि ते काय काम करायचे, हे तुम्हीच आधी सांगा.