टेकलं म्हणजे उतरलं नाही

संभाजीनगरात विमान अपघात म्हटलं की लोकांना २६ एप्रिल १९९३ आठवतो. चिकलठाण्याहून उडालेलं बोइंग रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकलं, ५५ माणसं गेली. छोट्या विमानांच्या वाट्याला बहुधा पंखा मोडणं, पुढचं चाक वाकणं एवढंच येतं. त्याची चर्चा होत नाही, म्हणून पुढची बॅच तिथेच घसरते.

सेसना १७२, जूनची दुपार, रनवे २७. मी इन्स्ट्रक्टरच्या सीटवर. वारा २३० अंशांवरून २० नॉट, म्हणजे डावीकडून आडवा सुमारे १३. पोरानं अप्रोच झकास आणला. नाक वाऱ्याकडे, टेकायच्या आधी उजव्या रडरनं सरळ, डावा पंख किंचित खाली. डावं चाक टेकलं, मग उजवं. "झालं, सर," म्हणत त्यानं योक सैल सोडलं. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, डावा पंख उचलला आणि नाक वाऱ्याच्या तोंडाला वळलं. मी उजवा पाय दाबेपर्यंत आम्ही गवतात! पंख्याची टोकं वाकली, माणसं शाबूत.

वेग उतरतो तशी एलेरॉनची पकड कमी होते. म्हणून टेकल्यावर योक वाऱ्याकडे आणखी न्यायचं, टॅक्सी करतानाही वाऱ्याकडे लक्ष ठेवायचं. पाय रडरवर, ब्रेकची घाई नको. आणि मध्यरेषा धरवत नसेल तर टेकायच्या आधीच थ्रॉटल पुढे, गो-अराउंड. कुणी हसलं तर हसू द्या.

हिशेब सोपा आहे. वारा पट्टीला ३० अंशांत असेल तर निम्मा आडवा, ४५ ला सात दशांश, ६० च्या पुढे सगळाच धरा. पुस्तकातले १५ नॉट हे कारखान्याच्या चाचणी वैमानिकानं उतरवून दाखवलेले, तुम्ही नव्हे. टॉवरनं सांगितलेला वारा वळवात दोन मिनिटांत शिळा होतो, शेवटची नजर विंडसॉककडे.

दुसरीकडे जाऊन उतरू, हेही इथे फारसं चालत नाही. चिकलठाण्याची पट्टी पूर्व-पश्चिम, तशीच शिर्डीची आणि जळगावचीही. सोलोला सोडताना मी पोरांकडून नी-पॅडवर स्वतःचा आकडा लिहून घेतो, सुरुवातीला सात-आठ नॉट. टॉवरनं त्यापेक्षा जास्त सांगितलं की ढग ओसरेपर्यंत लांब घिरट्या, आणि तेवढं इंधन टाकीत आधीच.