कपाटातला लॅपटॉप खाली काढा

माथेरानच्या पालकांनो,

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत एकच विषय निघतो. पोरांना लॅपटॉप हवा असतो. पावसाळा तोंडावर, पुढचे चार महिने कमाई बेताची, घोड्याचा चारा भरून ठेवायचा, आणि पोरगी म्हणते, हप्त्यावर घेऊ. कर्ज काढण्याआधी माझं थोडं ऐका. घरात, मामाकडे, तुम्ही काम करता त्या हॉटेलच्या ऑफिसात एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय का, ते आधी विचारा. दहा वर्षांचा असला तरी चालेल.

असे बरेच लॅपटॉप बिघडलेले नसतात, नुसते संथ झालेले असतात. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चं नेहमीचं पाठबळ थांबवलं. विंडोज 11 साठी साधारण 2018 च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप पात्रच नाहीत. यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या लेखी बाद. अशा यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाका, म्हणजे लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू. 4 जीबी रॅमवर दोन्ही नीट चालतात, आणि परवान्याचा एक रुपयाही द्यावा लागत नाही. लिहायला, हिशेबाला लिबरऑफिस त्यातच मिळतं. मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कळफलकही बसवता येतो.

हे शहरातल्या इंजिनिअरांचं काम आहे असं वाटत असेल, तर आपल्याच कर्जत तालुक्यातल्या खैराटकडे बघा. 2007 मध्ये तिथल्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत मुलांच्या हातात हिरवे-पांढरे छोटे एक्सओ लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला हा पहिला प्रयोग. प्रोसेसर 433 मेगाहर्ट्झचा, रॅम अवघी 256 एमबी. आज तुमच्या कपाटात असलेला लॅपटॉप त्याच्या कितीतरी पट ताकदवान आहे. त्या एक्सओवर लिनक्स आणि ‘शुगर’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर होतं, म्हणून तेवढ्याशा ताकदीतही चित्र, लेखन, आवाज सगळं जमायचं. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याच्या कळफलकावरची एक कळ. ती होती समोर चाललेल्या प्रोग्रॅमच्या आतली रचना मुलांना बघता यावी म्हणून. तो जागतिक उपक्रम पुढे मंदावला, पण शुगर आजही मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून चालतं.

आता काम कसं करायचं. आधी जुने फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, कारण नवी प्रणाली टाकताना डिस्क पुसली जाऊ शकते. मग 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स तयार करायचं. डाउनलोड मोठं असतं, वर रेंज नसेल तर नेरळला उतरून करा. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की डिस्कला हात न लावता सगळं वापरून बघता येतं. वाय-फाय, आवाज, कॅमेरा चालतोय याची खात्री झाली की मगच कायमचं बसवा. आणि एकच खर्च परवडत असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला. त्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेच पडत नाही.

आपल्या गावाची दोन दुखणी वेगळी आहेत. उन्हाळ्यात लाल धूळ पंख्यात जाऊन बसते आणि लॅपटॉप तापतो. पावसाळ्यात ओल धरते. मागचं झाकण उघडून पंखा ब्रशने साफ करायला मुलांना सोबत बसवा. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, तर लॅपटॉप चार्ज करू नका, बॅटरी टोचू नका, जाणकाराकडूनच काढून घ्या. आणि कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. 2003 पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथे मोटारगाडी येत नाही, वर आलेल्या कितीतरी वस्तू कुणाच्या तरी पाठीवरून नाहीतर घोड्यावरून आलेल्या असतात. चालण्याजोगं यंत्र फेकून देणं आपल्याला तरी शोभत नाही.

काही गोष्टी लिनक्सवर जमत नाहीत, हेही सांगायला हवं. काही ऑनलाइन परीक्षांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. काही प्रिंटर रुसतात. तुमच्या मुलाच्या कॉलेजला नेमकं काय लागतं ते आधी विचारा. पण निबंध, प्रकल्प, प्रोग्रॅमिंग शिकणं, मराठी विकिपीडिया वाचणं यांसाठी जुना लॅपटॉप पुरेसा आहे. किविक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं, तर अख्खा मराठी विकिपीडिया डिस्कवर उतरवता येतो, मग जुलैत नेटवर्क गेलं तरी वाचन थांबत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स, लिबरऑफिस शिकवणारे धडे मराठीतही आहेत. ते आधी तुम्ही बघा. मुलांना शिकवण्यासाठी नाही, त्यांच्या शेजारी बसता यावं म्हणून.

कारण माझा सगळा आग्रह त्या शेजारी बसण्यासाठी आहे. हप्त्यावर आणलेल्या नव्या लॅपटॉपला मूल हात लावताना आपणच ओरडतो, जपून, पाडशील. जुन्या लॅपटॉपचे स्क्रू मूल बिनधास्त काढतं. चुकलं तर पुन्हा पेनड्राइव्ह लावतं, पुन्हा बसवतं. आतलं यंत्र एकदा स्वतः उघडून जोडलेलं मूल पडद्यासमोर नुसतं बोट फिरवत बसत नाही, असा माझा विश्वास आहे.

तेव्हा हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी एक रविवार द्या. लॅपटॉप खाली काढा, चार्जर शोधा आणि मुलांना हाक मारा.