आपल्या रस्त्याचा नंबर : नऊ की पासष्ट?

बालमित्रांनो, आपल्या भांडगावाजवळून पुणे–सोलापूर हमरस्ता जातो. रात्रंदिवस ट्रकचे भोंगे कानावर येतात. पण त्या रस्त्याचा नंबर विचारला, तर आपल्यातले किती जण बरोबर सांगतील?

एकदा स्टँडजवळ उत्तरेकडचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने एका आजोबांना विचारले, "पासष्ट नंबरचा रोड कुठाय?" आजोबा म्हणाले, "पासष्ट? न्हाय बाबा. हा नऊ नंबर हाय." ड्रायव्हर गोंधळला. गंमत अशी, की तो पासष्ट नंबरच्या रस्त्यावरच उभा होता!

मग आजोबा खोटे बोलले का? मुळीच नाही. पुण्याहून सोलापूर, हैदराबाद, विजयवाड्यावरून मछलीपट्टणला समुद्रापर्यंत जाणारा हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 9 होता. 2010 साली केंद्र सरकारने देशातील राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. तेव्हा आपला 9 गेला आणि 65 आला.

नंबर का बदलले?

जुने नंबर जसजसे रस्ते ठरत गेले तसतसे पडले होते. नंबरावरून रस्ता देशाच्या कोणत्या भागात आहे हे कळत नसे. शिवाय सरळ जाणाऱ्या एकाच वाटेला दोन-दोन नंबर असत. दिल्लीहून मुंबईपर्यंत 8 आणि मुंबईहून पुणे, बंगळूरमार्गे चेन्नईपर्यंत 4. आता दिल्ली ते चेन्नई सगळा मिळून एकच नंबर आहे, 48.

नवी रीत

1. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्याला सम संख्या. पूर्वेकडून पश्चिमेकडे यावे तशी ती वाढते. नकाशा पाहा: नागपूरवरून जाणारा 44, पुण्यावरून जाणारा 48, कोकणातून गोव्याकडे जाणारा 66.

2. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य रस्त्याला विषम संख्या. उत्तरेकडून दक्षिणेकडे यावे तशी ती वाढते. धुळे-नागपूरचा 53, कल्याण-अहिल्यानगर-नांदेडचा 61 आणि त्याखाली आपला 65.

3. फाट्याला तीन आकडी संख्या. तिचे शेवटचे दोन आकडे मुख्य रस्त्याचे असतात. माउलींची पालखी सासवड-जेजुरीवरून ज्या रस्त्याने जाते तो 965. तुकोबारायांची पालखी यवतहून आपल्या गावावरून वरवंड-पाटसकडे जाते. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजकडे जाणारा त्यांचा पालखीमार्ग 965-जी. दोन्हींत शेवटी 65 आहे. म्हणजे दोन्ही रस्ते आपल्या रस्त्याचीच लेकरे!

राज्यमार्गांचे नंबर मात्र प्रत्येक राज्य आपापले देते. म्हणून तोच नंबर शेजारच्या राज्यातही असू शकतो. ओळखायची सोपी खूण अशी: कि.मी.च्या दगडाचा माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्यमार्ग.

गोंधळ कसा होतो?

जुना नंबर नाहीसा झाला नाही, तो दुसरीकडे गेला. आजचा 9 पंजाब, हरियाणा, दिल्लीवरून उत्तराखंडात जातो. जुना 65 हरियाणा-राजस्थानात होता. पूर्वीचा पुण्याचा 4 तर आता थेट अंदमान बेटावर आहे! नंबर एका दिवसात कागदावर बदलतो. पण पाट्या, नकाशे, दुकानांवरचे पत्ते आणि माणसांच्या तोंडची सवय बदलायला वर्षे लागतात. तोवर एकाच रस्त्याला दोन नावे राहतात आणि परका माणूस चकतो.

आपल्याला काय उपयोग?

समजा, रस्त्यावर अपघात झाला. फोनवर नुसते "हायवेवर या" म्हटले तर मदत कुठे येणार? "नऊ नंबरवर" म्हटले तरी घोटाळाच. अशा वेळी चार गोष्टी सांगाव्या: रस्ता क्रमांक 65, जवळचे गाव, जवळच्या दगडावरचा आकडा आणि गाडी पुण्याकडे तोंड करून आहे की सोलापूरकडे. मधे दुभाजक असल्याने चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला लांबून वळून यावे लागते. तेवढ्या वेळात एखाद्याचा जीव जातो. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी 1033 हे नंबर पाठ करा.

पालकांनाही विनंती. घरातल्या थोरांचा 'नऊ नंबर' खुशाल राहू द्या, ती गावाची आठवण आहे. पण वाटसरूने विचारले तर 'पासष्ट' सांगा.

सांगा पाहू

1. 65 ही सम संख्या की विषम? त्यावरून रस्त्याची दिशा कोणती?
2. 548 हा कोणत्या मुख्य रस्त्याचा फाटा असेल?
3. घरच्या मोठ्या माणसांबरोबर जाताना दगड पाहा. त्याचा माथा कोणत्या रंगाचा आहे? (एकट्याने हायवेवर जाऊ नये.)