सामसूम मुंबईत येताना

ताईला घेऊन टाटा हॉस्पिटलला यायचं ठरवलंस, बरं केलंस. तपासणी पुढे ढकलत बसण्यातला हा आजार नव्हे. पण तू पाहिलेली मुंबई या सप्टेंबरात, २०२०च्या कोरोनात, तुला भेटायची नाही. म्हणून थोडं सांगते, ते नीट ऐक.

एरवी इथे नवख्या माणसाला गर्दीच सांभाळून घेते. चुकीच्या फलाटावर उभा राहिलास तर शेजारचा हटकतो, बाईमाणसाला चक्कर आली तर चार हात पुढे येतात. ती गर्दी आता घरात बसलीय. तिने आयत्या वेळी केलं असतं ते सगळं तू साताऱ्याहून निघायच्या आधीच करून ठेवायचं.

रातराणीने येऊ नका. एसटी २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर सुटतेय, पण पहाटे साडेचारला परळला उतरलात तर विचारायला माणूस नाही की घोटभर चहा नाही. दिवसाची गाडी धरा, उजेडात पोचा. लोकल धावताना दिसेल, पण १५ जूनपासून ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झालीय, तिच्या भरवशावर बेत आखू नकोस. बेस्टची बस मिळेल, मात्र ती मोजकीच माणसं घेते. टॅक्सीचे पैसे सुट्या नोटांत वेगळे ठेव. खोली माझी आहेच, पण आमच्या चाळीत कुणी पॉझिटिव्ह निघाला तर चाळ सील होईल आणि तुम्हाला आत घेता येणार नाही. तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का, तेही फोन करून विचारून ठेव.

पाऊस अजून गेलेला नाही. जोराची सर आणि भरती एकदम आली की हिंदमाताला पाणी तुंबतं. पालिकेच्या १९१६ नंबरवर विचारून मगच निघ. टॅक्सी पाण्यात बंद पडली तर काच खाली करून ताईला लगेच बाहेर काढ. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद गाड्यांत माणसं गुदमरून गेली. त्या दिवशी मोबाइलही मुके झाले होते. म्हणून माझा, डॉक्टरांचा, धर्मशाळेचा नंबर कागदावर लिहून एक चिठ्ठी तुझ्या खिशात आणि एक ताईच्या कनवटीला.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हापासून या शहराच्या शांततेला मी कान लावून आहे. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३च्या दंगलीत आम्ही शटरच्या आवाजावरून दिवस ओळखायचो. एखादं शटर खाली आलं तर दुकानदार जेवायला चाललाय. ओळीने धडाधड पडायला लागली, की काय झालं म्हणून विचारत उभं राहायचं नाही, हाताशी येईल त्या जिन्यात शिरायचं. आज तसं काही नाही. तरी चालताना दुकानांकडे लक्ष असू दे. अर्धं शटर वर असलं, आत बल्ब जळत असला, वाकून कुणी दुधाची पिशवी घेत असलं, तर तिथे रस्ता विचारायला हरकत नाही. फेरीवाले घाईघाईने गाठोडी बांधताना दिसले तर मात्र माघारी वळ.

त्या हिवाळ्यात माणसं नाव सांगायला घाबरत होती. आता खोकायला घाबरतात. टॅक्सीवाल्याला नाव-गाव विचारू नकोस, तुमच्याकडे कुणाला झालाय का, हेही नको. भाडं आणि रस्ता, एवढंच बोल. मास्क नाकावर ठेव आणि ताईच्या बाजूची काच उघडी असू दे.

जुने रिपोर्ट आणि आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आण. पेशंटबरोबर आत एकालाच सोडतील असं धरूनच चाल. खानावळी उघड्या असतील म्हणून रिकाम्या हाताने येऊ नका, दोन दिवस टिकतील अशा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. गाडीने पनवेल सोडलं की मला फोन कर, हे परळ डेपोच्या गेटवर उभे राहतील.

परतीचं तिकीट आत्ता काढू नकोस. डॉक्टर याच आठवड्यात केमो सुरू करू म्हणाले, तर गावाला जाऊन येतो म्हणू नका. ताई माझ्याजवळ राहील. तू एकटा जा आणि सोयाबीन काढून ये.