देवळासाठी घंटा घेताय? किलोच्या दराआधी हे विचारा

मोठी घंटा घ्यायची तर दोन वाटा आहेत. एक, जवळच्या शहरातला बाजार: पुण्यात बोहरी आळी, नाशकात भांडी बाजार, मुंबईत भुलेश्वर. दुसरी, थेट ओतणाऱ्याचा कारखाना. उत्तर प्रदेशात एटा जिल्ह्यातल्या जलेसरला पिढ्यान्‌पिढ्या घंटा आणि घुंगरू ओतणारी घराणी आहेत. अयोध्येच्या राममंदिरासाठीची 2,100 किलोची घंटा तिथलीच. आग्र्यापर्यंत रेल्वे, पुढे साधारण 50 किलोमीटर रस्ता. पाच-सात किलोच्या घंटेसाठी एवढे लांब जाऊ नका, वाचलेले पैसे प्रवासातच जातील. वजन जास्त असेल किंवा घंटेवर नाव हवे असेल, तर मात्र थेट कारखान्याशी बोला.

कारखान्याच्या पाटीवर ‘चार पिढ्यांची परंपरा’ लिहिलेले असते. त्याचा तुम्हाला खरा उपयोग एवढाच की जुन्या घराण्याकडे तयार साचे असतात. तयार साच्यातली घंटा घेतली तर नव्या साच्याचा खर्च वाचतो, आणि त्याच साच्यातली आधी दिलेली घंटा कुठे टांगली आहे ते विचारून प्रत्यक्ष ऐकता येते. पत्ता मागा. दहा-बारा वर्षे वाजलेली घंटा ऐकायला मिळाली तर उत्तमच.

दर किलोवर ठरतो, म्हणून फसवणूकही तिथेच होते. पहिला प्रश्न: धातू कोणता? पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कांसे म्हणजे तांबे आणि कथील. घंटेच्या काशात कथील साधारण पाचवा हिस्सा असते. कथील महाग, म्हणून कांसे महाग. नाद लांबवर टिकतो तो काशाचा. ‘पंचधातू’, ‘अष्टधातू’ या नावांवरून कशाचे प्रमाण किती ते कळत नाही. प्रमाण टक्क्यांत बिलावर लिहून घ्या. मोठी ऑर्डर असेल तर त्याच ओतातला तुकडा मागून धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो चाचणी करा. चुंबक सोबत ठेवा. घंटेला चिकटला तर आत लोखंड आहे.

दुसरा प्रश्न: वजन कशाकशाचे? लोखंडी लोलक, कडी, साखळी घंटेसकट काट्यावर ठेवली की लोखंडाचेही काशाच्या दराने पैसे जातात. 40 किलोत 4 किलो लोखंड असेल आणि दर 1,000 रुपये असेल, तर 4,000 रुपये असे जातात. घंटा एकटी तोला. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते बघा.

मापाबद्दलही सावध राहा. तोंडाचा व्यास दुप्पट आणि घडण तशीच, तर वजन दुप्पट नाही, आठपट होते. 8 इंची घंटा 5 किलोची असेल तर तशीच 16 इंची सुमारे 40 किलोची. देवस्थानच्या बैठकीत कोणी ‘जरा मोठीच घ्या’ म्हणाले की आधी हा हिशेब मांडा.

अंदाजासाठी एक आकडा: अयोध्येच्या त्या घंटेचा खर्च 2020 साली बातम्यांत 21 लाख रुपये आला होता, म्हणजे किलोला 1,000 रुपये. कामाला सुमारे चार महिने लागले. त्यानंतर तांबे बरेच महागले आहे, म्हणून हा दर आज मागू नका. त्या दिवशीचा धातूचा भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. दोन्ही एकत्र सांगणाऱ्याशी घासाघीस करता येत नाही.

आता दरात न सांगितलेले खर्च. नवा साचा, अक्षरे, पॉलिश, लाकडी पेटी, हमाली, भाडे, वाटेतला विमा, क्रेन, आणि जीएसटी. कोटेशनमध्ये यातले काय धरले आहे आणि काय नाही, ते एकेक करून विचारा. परराज्यातून 50,000 रुपयांवरचा माल येत असेल तर ई-वे बिल लागते. ते कोण काढणार हेही ठरवा. ‘बिल नको, स्वस्तात देतो’ ऐकू नका. तडा गेल्यावर हातात कागद नसेल तर कोणी दारात उभे करत नाही.

अक्षरे ओतीव हवीत की नंतर कोरलेली, ते आधी सांगा. ओतीव अक्षर चुकले तर दुरुस्त होत नाही. मजकूर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून, सही करून द्या आणि ओतण्याआधी साच्याचा फोटो मागवा. हिंदी भागातल्या कारागिरासाठी ‘ळ’ नेहमीचा नाही, तो खास तपासा.

पूर्ण पैसे आधी देऊ नका. थोडा विसार, बाकी घंटा ऐकून आणि तोलून. दोरीला मोकळी टांगून काठावर लाकडी ठोकळ्याने वाजवा. नाद चिरका, फाटका किंवा लगेच मरणारा असेल तर चीर शोधा. काठावर बारीक छिद्रे दिसली तर थांबा. ‘वेल्डिंग करून देतो’ हा उपाय काशाला सहसा चालत नाही. पुन्हा ओतूनच हवी. वर्षभरात तडा गेला तर पुन्हा ओतण्याची मजुरी आणि जाण्या-येण्याचे भाडे कोणाकडे, हे आजच लिहून घ्या.

टांगण्याआधी तुळई इंजिनिअरला दाखवा. देऊळ संरक्षित स्मारक असेल तर भोक पाडण्याआधी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. लोलक मऊ लोखंडाचा असू द्या. कडक पोलादाचा किंवा गरजेपेक्षा जड लोलक काशाला फोडतो. काही वर्षांनी घंटा थोडी फिरवून टांगा, म्हणजे टोला एकाच जागी बसत नाही. ध्वनिप्रदूषण नियमानुसार रात्री 10 ते सकाळी 6 हा शांततेचा काळ आहे. काकड आरतीची वेळ त्यात येत असेल तर मोठ्या घंटेआधी शेजाऱ्यांशी बोला.

कोणी भक्त घंटा देणार असेल तर त्यांना आधीच सांगा: वस्तूच्या रूपातल्या देणगीवर 80जी ची करसवलत मिळत नाही. बँकेतून ट्रस्टला पैसे दिले, तरी ट्रस्टकडे ती मान्यता असली पाहिजे.

आणि जुनी घंटा ‘मोडीत घेतो’ म्हणणाऱ्याला लगेच देऊ नका. चिमाजी आप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या. नाशकातल्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. तुमच्या घंटेवर क्रूस, रोमन अक्षरे किंवा जुने साल असेल तर फोटो काढून पुरातत्त्व विभागाला दाखवा. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू पुरावशेष कायद्यात येते. साधी घंटा असली तरी विश्वस्तांचा ठराव करून, वजन लिहून आणि त्या दिवशीच्या मोडीच्या भावाची पावती घेऊनच द्या.